सुरक्षा सप्ताहात हाताळण्याचं प्रदर्शन: कोल्हापूरच्या कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून एकच विचारणा सुरू होते: यंदा सुरक्षा सप्ताहात पोस्टर आणि भाषण नको, काहीतरी हाताने करण्यासारखं ठेवायचंय, काय ठेवू? पुढची उत्तरं प्रामुख्याने फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ऑफिस आणि पतसंस्थेसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

हाताळण्याचं प्रदर्शन म्हणजे नक्की काय? वस्तू टेबलावर मांडल्या की झालं का?

नाही झालं. टेबलावर हेल्मेट, गॉगल, हातमोजे ओळीने मांडून शेजारी नावं लिहिली तर ते दुकान होतं. लोक रांगेने येतात, मान हलवतात आणि चहाकडे जातात.

आमच्या भागात धोक्याचं मूळ बहुतेक वेळा एका वाक्यात असतं: "एवढ्यानं काय होतंय?" वीस वर्षं ग्राइंडरवर हात बसलेल्या माणसाला धोका माहीत नसतो असं नाही. त्याचा अंदाज चुकलेला असतो. वेग किती, वेळ किती मिळतो, धूळ किती, याचा त्याने मनाशी बांधलेला हिशोब बऱ्याचदा पाचपट-दहापट कमी निघतो. म्हणून प्रत्येक मांडणीचा क्रम ठरलेला हवा. आधी येणाऱ्याने अंदाज बोलून दाखवायचा, शक्यतो चारचौघांत. मग स्वतःच्या हाताने करून पाहायचं. त्यानंतरच आकडा उघडा करायचा. अंदाज न विचारता उत्तर दिलं तर पोस्टर आणि मांडणी यांत फरक उरत नाही.

कधी ठेवावं? 4 मार्चच का?

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 ला झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिवस आणि 4 ते 10 मार्च हा सप्ताह. अग्निशमन सप्ताह 14 ते 20 एप्रिल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 ला ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात.

तारीख पाळायला हरकत नाही, पण मार्चअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत सगळं त्या सात दिवसांत कोंबू नका. आगीचं एप्रिलला ठेवा. पुराचं मेच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर ठेवा. तेव्हा लोक ऐकतात.

किती विषय घ्यावेत?

सहाच्या वर जाऊ नका. विषय निवडायला बाहेरच्या माणसाची गरज नाही. प्रथमोपचार पेटीशेजारची वही उघडा. वर्षभरात पट्टी कशाला लागली, डोळ्यात कण कुणाच्या गेला, भाजलं कुठल्या खात्यात, सगळं तिथे लिहिलेलं असतं. वही कोरी असेल तर तुमच्याकडे अपघात होत नाहीत असं समजू नका, नोंद होत नाही असं समजा. मग फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), मोल्डिंग आणि भट्टीवरच्या जुन्या मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारा, "थोडक्यात वाचला असं शेवटचं कोण?" अर्ध्या तासात यादी तयार होते.

एका वेळी किती माणसं, किती वेळ?

उदाहरण धरू. पाळीत 120 माणसं, मांडण्या सहा, प्रत्येकीवर पाचजणांचा गट, जाण्यायेण्यासह चार मिनिटं. म्हणजे 30 जण 24 मिनिटांत पूर्ण फेरी करतात आणि सगळी पाळी साधारण 96 मिनिटांत आटोपते. लाइन पूर्ण बंद न करता तीसतीस जण सोडता येतात, त्यामुळे प्रॉडक्शन मॅनेजरही फारसा कुरकुरत नाही. गट पाचापेक्षा मोठा केला की दोघं करतात आणि बाकीचे मोबाइल काढतात.

ग्राइंडरसाठी काय ठेवता येईल?

आमच्या मते फाउंड्रीतली सगळ्यात चांगली मांडणी हीच, आणि खर्च जवळपास शून्य.

दगडी ग्राइंडिंग व्हील घ्या, चार धड आणि एक तडा गेलेलं. तडा सहज दिसणारा नको. चाकं कोरडी आणि स्वच्छ हवीत. प्रत्येक चाक मधल्या भोकातून लाकडी दांड्यावर टांगा. येणाऱ्याने स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची आणि खराब चाक ओळखायचं. धड चाक खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. कुंभार गल्लीत माठ घेताना आपली आई-आजी हेच करायची, त्यामुळे शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

मग अंदाजाचा प्रश्न: "हे फुटलं तर तुकडा किती वेगाने सुटेल?" आठ इंची चाक मिनिटाला 2800 फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 29 मीटर, म्हणजे ताशी 100 किलोमीटरच्या वर. बहुतेकजण वीस-तीस सांगतात. आकडा ऐकल्यावर गॉगलविषयी वेगळं बोलावं लागत नाही.

त्याच टेबलावर बंद ग्राइंडर ठेवा, प्लग काढून, प्लग सगळ्यांना दिसेल असा वर टांगून. टूल रेस्ट (काम टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. तीन मिलिमीटरची पट्टी कापून द्या आणि फट तपासायला सांगा. सुरुवातीला मुद्दाम दहा मिलिमीटर ठेवा आणि पान्याने त्यांनाच बसवू द्या. पुढच्या गटासाठी परत सैल करायची जबाबदारी आधीच्या गटाची.

मशीनच्या गार्डबद्दल (फिरत्या भागावरच्या झाकणाबद्दल) सांगून सांगून थकलो. लोक म्हणतात, "आमचं लक्ष असतंय, लगेच बंद करतो." यावर काय?

एक फूटपट्टी आणा. खरंच तेवढीच लागते.

कोल्हापुरात म्हण आहेच, ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’. मांडणीला हेच नाव द्या, गर्दी आपोआप होते. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटांचा चिमटा उघडा ठेवायचा. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. पट्टी किती सेंटिमीटर निसटली त्यावरून वेळ कळतो: 15 सेंटिमीटर म्हणजे 0.17 सेकंद, 20 म्हणजे 0.2, 30 म्हणजे जवळपास 0.25. तालमीतला गडीसुद्धा 15 च्या खाली फारसा जात नाही, आणि इथे तर तो पूर्ण लक्ष देऊन उभा असतो.

आता शेजारी दोन रोलरचं हाताने फिरवायचं मॉडेल ठेवा आणि हातमोज्यात कापूस भरून हात करा. उसाच्या रसाच्या चरख्यासारखी दोन रूळ असलेली कुठलीही वस्तू चालेल. सेकंदाला फक्त एक मीटर सरकणाऱ्या रोलरने 0.2 सेकंदात 20 सेंटिमीटर आत ओढलेलं असतं. बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत साधारण तेवढंच अंतर. म्हणजे ‘ओढलं’ हे मेंदूला कळून हात हलू लागेपर्यंत पंजा गेला. लाल बटणापर्यंत दुसरा हात पोचायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही, आणि बटण दाबल्यावर मशीन लगेच थांबतं असंही नाही.

गार्ड कशाला, याचं एवढं सरळ उत्तर दुसरं सापडलेलं नाही. लाल बटण हवंच, पण गार्डच्या बदल्यात नको.

दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी चुकून मशीन चालू करतो. त्यासाठी?

कुलपांची मांडणी करा. संगणकातला बारा व्होल्टचा छोटा पंखा, त्याचा स्विच एका डबीत, डबीच्या कडीला तीन कुलपं. फिटर, वायरमन आणि ऑपरेटर असे तिघे उभे करा. प्रत्येकाकडे स्वतःचं कुलूप, स्वतःची एकच किल्ली. पंखा सुरू करायला तिघांनीही आपापलं कुलूप काढलं पाहिजे. मग एकाला हळूच चहा घ्यायला पाठवा आणि उरलेल्या दोघांना सांगा, "साहेब ओरडायलेत, चालू करा." ते काय करतात ते पाहा. कुणी किल्ली मागतं, कुणी कडीच वाकवायला जातं. चर्चा तिथेच सुरू होते. डुप्लिकेट किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असू नये हा नियम त्या वेळी सांगितला तर डोक्यात राहतो.

भट्टीवर पाणी आणि वितळलेलं लोखंड हा आमचा मोठा धोका आहे. ते प्रत्यक्ष कसं दाखवणार?

प्रत्यक्ष दाखवायचं नाही. तापलेल्या तेलात पाणी टाकून दाखवणारे आहेत. ते करू नका, त्यात प्रेक्षक भाजतात.

त्याऐवजी चहाचा एक चमचा पाणी ठेवा आणि शेजारी वाटी, तांब्या, कळशी, बादली. विचारा, "एवढ्या पाण्याची वाफ झाली तर यातलं कुठलं भांडं भरेल?" पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण 1700 पट होतं. पाच मिलिलिटरचा चमचा म्हणजे साडेआठ लिटर वाफ. उत्तर बादली, तेही वाफ फक्त शंभर अंशांची धरून. लोखंडाचा रस 1400 अंशांच्या वर असतो आणि पाणी त्याच्याखाली अडकलं असेल तर ही सगळी वाफ क्षणात बाहेर पडायची जागा शोधते. रसासकट.

यानंतरचा भाग महत्त्वाचा, कारण चमचाभर पाणी भट्टीत कुणी मुद्दाम ओतत नाही. ते लपून येतं. एक पाटी भरून स्क्रॅप ठेवा: दोन्ही टोकं ठोकून बंद केलेला पाइप, कोल्ड्रिंकचा चेपलेला डबा, उघड्या यार्डात भिजलेलं बोरिंग (लोखंडाचा कीस), कोरडी प्लेट, जुना शॉक ॲब्सॉर्बर, ओल लागलेला लॅडलचा (रस ओतायच्या भांड्याचा) चमचा. गटाने दोन ढीग करायचे, ‘टाक’ आणि ‘नको’. बंद पाइपवर वाद होतोच. होऊ द्या. नंतर पाइप मधून कापून ठेवलेला दुसरा नमुना दाखवा, आत साचलेलं पाणी दिसेल असा. चार्जिंगवरच्या (भट्टीत स्क्रॅप टाकणाऱ्या) मुलांना हे दहा भाषणांपेक्षा जास्त कळतं, आणि ती मुलं बऱ्याचदा ठेकेदाराकडची, नवी असतात. पावसाळ्याच्या तोंडावर ही मांडणी पुन्हा एकदा ठेवावी.

धूळ डोळ्यांना दिसते, मग तिची मांडणी कशाला?

दिसते ती धूळ नाकात अडकते. फुप्फुसात खोल जाते ती दिसत नाही. वाळूतल्या सिलिकाचे दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्रासाचे, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कायद्याने तो सूचनीय, म्हणजे आढळला की सरकारला कळवावाच लागणारा, व्यवसायजन्य रोग आहे.

पुठ्ठ्याचं मोठं खोकं आतून काळं रंगवा, समोर पारदर्शक ॲक्रिलिक लावा. आत चिमूटभर टाल्कम पावडर ठेवा. खरी फाउंड्रीची वाळू वापरू नका. बाहेरून रबरी फुगा दाबला की पावडर उडेल अशी सोय करा. आधी ट्यूबलाइटच्या उजेडात दाबायला सांगा आणि "धूळ बसली" असं वाटल्यावर हात वर करायला सांगा. मग ट्यूबलाइट बंद करून मागच्या भोकातून टॉर्चचा झोत सोडा. झोताच्या जवळजवळ समोरून, थोडं तिरकं पाहिलं की खोकं अजून कणांनी भरलेलं दिसतं. थिएटरात प्रोजेक्टरच्या झोतात दिसतात तसे.

पाळी सुटताना हवेच्या पाइपने अंगावरची धूळ उडवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद करायला हे खोकं उपयोगी पडतं. शेजारी मास्क ठेवा आणि बसवून घ्या: दोन्ही तळहात मास्कवर, जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागली की बसलेला नाही. दाढी असेल तर लागणारच. तोंडाला बांधलेला रुमाल याच कसोटीला लावून पाहा.

आवाजासाठी?

कोल्हापूरकराला आवाजाचं कौतुक सांगू नये, मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचणारे आपणच. म्हणून तिथूनच सुरुवात करा. कारखान्याच्या नियमांतला तक्ता असा आहे: 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन, 105 ला एक, 115 ला फक्त पंधरा मिनिटं. हे आकडे झाकून ठेवा आणि डेसिबल व तास यांच्या जोड्या लावायला द्या. फेटलिंगमध्ये छिन्नीचा हातोडा चालू असताना 100 सहज होतात, हे तिथल्याच माणसाने मोबाइलवर मोजून आणलेलं असेल तर जास्त बरं. मोबाइलचं मोजमाप ढोबळ असतं, पण अंदाज मोडायला पुरतं.

मग फोमचे इअरप्लग. दहातले आठजण ते कानाच्या तोंडाशी नुसते टेकवतात. बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचा, फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरायचा. तपासायचं असं: दोन्ही तळहात कानांवर ठेवा. आवाज अजून खूप कमी झाला तर प्लग नीट बसलेला नव्हता. हात धुतल्याशिवाय वळू देऊ नका.

कलिंगड फोडून हेल्मेटचा प्रयोग दाखवावा का?

मार्चमध्ये कलिंगड स्वस्त असतं, फोटो छान येतो, नंतर खाताही येतं. याहून जास्त काही हाती लागत नाही, कारण डोकं फुटतं याबद्दल कुणाला शंकाच नसते. खरा घोळ पट्ट्याचा आहे. हनुवटीचा पट्टा न लावता हेल्मेट घाला, वाका आणि जमिनीवरचा नट उचला. हेल्मेट आधी खाली. वरून पडणाऱ्या माणसाचं हेल्मेट त्याच्याबरोबर पोचणार का, हा प्रश्न मग विचारा.

बुटांची मांडणी त्यापेक्षा चांगली. सेफ्टी बुटाची बोटांवरची टोपी 200 ज्यूलच्या आघातावर तपासलेली असते, म्हणजे ढोबळमानाने वीस किलोचं वजन एक मीटरवरून. तुम्ही पाच किलोचं कास्टिंग एक मीटरवरून सोडा, उभ्या पाइपातून, चारी बाजूंनी जाळी लावून, सोडायची दोरी दोन मीटर लांबून. खाली शाडूची बोटं करून एकदा बुटात ठेवा, एकदा कोल्हापुरी चपलेत. आपल्या चपलेला 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान मोठा, पण शॉप फ्लोअरवर तिचं काय होतं ते शाडू सांगतो. कुंभार गल्लीत शाडू मिळेल. बोटं बनवायचं काम येणाऱ्यांनाच द्या. आपल्या हाताने केलेलं बोट चेपताना पाहण्यात फरक आहे.

आग विझवण्याचं प्रात्यक्षिक दरवर्षी होतं. त्यात नवीन काय करणार?

दरवर्षी काय होतं? पिंपात डिझेल पेटतं, सेफ्टी ऑफिसर विझवतो, टाळ्या. शंभरातल्या दोघांच्या हातात सिलिंडर येतो.

पाण्याचे सिलिंडर भरून घ्या, म्हणजे प्रत्येकाला पिन ओढून दाबता येईल. फळीवर ज्वाळांचं मोठं चित्र लावा आणि तिच्या बुडाशी रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवा. अडीच-तीन मीटरवरून मारायचं. ज्वाळेवर फवारा मारणाऱ्याची एकही बाटली पडत नाही, बुडाशी मारून डावीउजवीकडे फिरवणाऱ्याच्या सगळ्या पडतात. कुणीही न शिकवता तिसरा माणूस आपोआप खाली मारू लागतो. त्याआधी अंदाज विचारा: सहा किलोचा पावडरचा सिलिंडर किती वेळ चालतो? लोक पाच मिनिटं म्हणतात. तो अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. म्हणून मारणाऱ्याची पाठ दाराकडे हवी.

नंतर पाच चित्रं द्या: विजेचं पॅनेल, भुशाचं पोतं, थिनरचा डबा, मॅग्नेशियमचा चुरा, तेलाची कढई. कशावर काय, ते लावू द्या. मॅग्नेशियमवर पाणी मारणारा प्रत्येक गटात असतो. तिथे कोरडी वाळू. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा भोंगा उघड्या हाताने धरू नये हेही इथेच सांगून टाका, तो बर्फासारखा होतो.

खरी ज्वाळ पेटवायचीच असेल तर महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राशी बोला आणि त्यांच्या माणसांसमोर करा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना गावाने पाहिलंय. ‘जाळ आणि धूर संगटच’ हे आपण मिसळीपुरतं बोलतो. आगीत धूर आधी येतो, आणि जीव तोच घेतो. डोळ्यांवर पट्टी बांधून, भिंतीला हात लावून, वाकून दारापर्यंत जायचं, एवढी एक चाल जरूर ठेवा. रोज ज्या दाराने बाहेर पडतात ते सोडून दुसऱ्या दाराकडे जायला सांगा, आणि त्या दाराला कुलूप आहे का ते आदल्या दिवशी बघून या.

पुराचीही मांडणी करता येते?

कोल्हापुरात केलीच पाहिजे. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, दोन्ही वर्षं.

तुमच्या कारखान्याचा नकाशा टेबलावर मांडा. पॅनेल, मोटारी, केमिकलचे पिंप, पॅटर्न (साच्याचे नमुने), संगणक, कार्बाइडचे डबे यांच्या सोंगट्या करा. एकजण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची पानं उलटत जातो: 35 फूट, 37, 39 म्हणजे इशारा पातळी, 43 म्हणजे धोका पातळी. प्रत्येक पानाला गटाने दोनच सोंगट्या वर हलवायच्या. आधी काय हलवायचं यावर भांडण होतं, आणि बहुतेकजण संगणक वाचवतात. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेट घेतो, हे पान शेवटी उघडा. पाळीवरच्या माणसांना घरी कधी सोडायचं याचं पानही ठेवा. रस्ता बंद झाल्यावर सोडून उपयोग नाही. पाणी ज्या भिंतीपर्यंत आलं होतं तिथे पट्टी मारून वर्ष लिहिलं तर तीच भिंत अर्धी मांडणी होते.

मांडणीवर कोण उभं राहणार? एचआरची मुलं चालतील?

चालतील, पण त्या खात्यातला माणूस उभा असेल तर जास्त चालेल. फेटलिंगचे आप्पा "पोरा, कान ओढ की जरा" म्हणतात तेव्हा पोरगं कान ओढतं. एचआरची बाई "कृपया कान मागे घ्या" म्हणाल्या की सगळे हसतात. मिस्त्रींना आदल्या दिवशी तासभर सराव द्या आणि एकच पथ्य सांगा: अंदाज विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. हे पथ्य पाळणं त्यांना सगळ्यात जड जातं.

परप्रांतीय कामगारांना मराठी येत नाही, काहींना वाचता येत नाही. फलक कसे करावेत?

मांडणी नीट असेल तर फलक जवळजवळ लागत नाही. तरी मराठी-हिंदी दोन्ही ठेवा, एका भाषेत दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नको, अक्षर तीन हातांवरून वाचता येईल एवढं. बिहार-ओडिशातून आलेल्या मुलांच्या गटात त्यांच्याच भाषेचा एक जुना कामगार ठेवा. ठेकेदाराची माणसं वगळून प्रदर्शन करू नका. सगळ्यात अवघड कामावर बऱ्याचदा तीच असतात.

बक्षिसं द्यावीत का?

हजेरीसाठी देऊ नका. शेवटी सगळ्यांना मिसळ द्या, भांडण मिटलं. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्याने आपल्या खात्यातला नवा धोका दाखवून दिला त्याला द्या, आणि तो धोका त्याच महिन्यात दुरुस्त करा.

आमचं ऑफिस किंवा पतसंस्था आहे. आमच्यासाठी काय?

तुमच्याकडे बोट रोलरमध्ये जात नाही, लिंकवर जातं. वीजबिल थकलंय, केवायसी संपलंय, कुरिअर अडकलंय असे मेसेज छापून खरे आणि खोटे मिसळा आणि तीस सेकंदांत ढीग करायला सांगा. घाईत किती चुकतात ते त्यांचं त्यांनाच कळतं. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लावायचा, हा नंबर त्यांच्याच मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

दुसरी मांडणी छातीदाबाची (सीपीआर). सरावाचा बाहुला मिळाला तर बघा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दोन मिनिटं. हलगीवाला गाठून त्याला 110 चा ठेका धरायला सांगितला तर हात आपोआप बसतो, आणि दोन मिनिटांत घाम फुटतो. दमल्यावर माणूस बदलायचा असतो हे तेव्हा पटतं. 108 आणि 112 कोण लावणार, हेही बोट दाखवून ठरवायला शिकवा.

लैंगिक छळ, मानसिक ताण असे विषय खेळातून घ्यावेत का?

खेळ म्हणून नकोत. चक्र फिरवून ‘ही छळवणूक आहे की चेष्टा?’ असं चारचौघांत विचारलं की ज्याने सोसलंय तो माणूस तिथेच आक्रसतो. प्रसंग लिहिलेली पाकिटं द्या, बसायला आडोसा द्या, मत चिठ्ठीवर घ्या, नाव नको. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते. समितीतल्या सदस्यांचे फोटो आणि नंबर घरी नेता येतील अशा चिठ्ठीवर छापा. ताणासाठी टेली-मानस या सरकारी समुपदेशन सेवेचा 14416 हा मोफत नंबर त्याच चिठ्ठीच्या मागे. अंदाज विचारायचा नियम इथे लागू नाही.

खर्च किती येतो?

वर सांगितलेलं बहुतेक सामान स्क्रॅप यार्ड, टूलरूम आणि शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या शेडमधून उभं राहतं. भाड्याने आणलेले व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारे) चष्मे आणि टच स्क्रीन आधी लागत नाहीत. पैसे असतील तर ते चांगल्या इअरप्लगवर आणि बाहुल्यावर घाला.

मांडणीमुळेच कुणाला लागलं तर?

म्हणून आदल्या दिवशी दोन गोष्टी करा. मुख्य विजेवरचं काहीही लोकांच्या हाती देऊ नका, बारा किंवा चोवीस व्होल्टवर सगळं भागतं. आणि सगळ्यात आगाऊ पोराला बोलावून सांगा, "हे कसं मोडता येईल ते करून दाखव." तो दहा मिनिटांत जे शोधून काढेल ते तुमच्या तपासणीच्या यादीत नसतं. घरच्यांना बोलावणार असाल तर वजन पाडायची मांडणी मुलांच्या उंचीप्रमाणे पुन्हा बंदिस्त करा.

उपयोग झाला का, ते कसं कळणार?

सह्यांच्या कागदावरून आणि फोटोंवरून कळत नाही. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात एक फेरी मारा आणि मोजा: किती ग्राइंडरची फट बरोबर आहे, किती जणांचे प्लग आत बसलेत, कितीजण हवेने अंग झटकतात. पंधरा दिवसांनी तीच फेरी, तीच वेळ, न सांगता. आकडा हलला नसेल तर ती मांडणी पुढच्या वर्षी बदला. फट कमी करायला पानाच जागेवर नाही, असंही निघू शकतं. तेव्हा दोष मांडणीचा नसतो.

प्रदर्शन संपल्यावर सामानाचं काय करायचं?

कुलपांची डबी, धुळीचं खोकं आणि पुराचा नकाशा नव्या माणसांच्या पहिल्या दिवसासाठी ट्रेनिंग रूममध्ये ठेवा. पाण्याने भरलेले सिलिंडर प्रशिक्षणाचे म्हणून ठळक रंगवा, भिंतीवरच्या खऱ्या सिलिंडरांत मिसळू नका. तडा गेलेलं ग्राइंडिंग व्हील मात्र स्टोअरला परत करू नका. गॉगल घालून, पोत्यात गुंडाळून, हातोड्याने त्याच दिवशी फोडा. नाहीतर रात्रपाळीत चाक कमी पडलं की कुणीतरी तेच उचलून मशीनला चढवेल.